काचेच्या किटल्या आणि शुक्रवारचं आंबट

षड्रिपूंपैकी पाच तसे माझ्या ताब्यात आहेत. काम-क्रोधाचं वय गेलं, लोभ करण्याजोगं भालकीच्या बाजारात काही मिळत नाही, मोह आवरता येतो आणि मद यावा असं आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही. राहिला सहावा. तोही गेला असंच मी समजून चालले होते. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि कलबुर्गीहून विज्ञानाच्या नवीन बाई आल्या, विनीता मॅडम. त्यांच्या पिशवीत एक स्टीलचं कॉफी फिल्टर होतं.

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कॉफीचं मशीन आहे. अमरेश नावाचा आमचा एक जुना विद्यार्थी बेंगळुरूला मोठ्या नोकरीत आहे, त्यानं ते शाळेला भेट दिलं. सोबत दोन काचेच्या किटल्या, एक साखरेची, एक बिनसाखरेची. मशीन ज्या कपाटाशेजारी आहे त्या कपाटाची किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्या कमरेला. कपाटात कॉफी, साखर, कप आणि दर शुक्रवारी माझा गूळ-फुटाण्याचा प्रसाद. मधल्या सुट्टीत सगळा स्टाफ माझ्याभोवती उभा राहायचा. मी मराठी शिकवते, त्यामुळे एरवी माझ्याभोवती कुणी उभं राहत नाही. त्या किल्लीचं मोल कळावं म्हणून एवढं सांगितलं.

तर विनीता मॅडमनी त्या फिल्टरमधून उतरवलेली कॉफी सगळ्यांना दिली. आमचे हेडमास्तर गुंडेराव सर एक घोट घेऊन डोळे मिटून बसले. सर ध्यानाला बसतानाही इतके शांत दिसत नाहीत, हे मी शपथेवर सांगते. मला काही वाटलं नाही. मी फक्त त्या दिवशी जपाची माळ दोनदा चुकले.

पुढच्या सोमवारी सरांनी माझ्या मशीनची कॉफी ओतून घेतली आणि किटली उजेडाकडं धरली.

"नलिनीबाई, ही किटली आतून अशी कामून दिसायलीय? जुन्या विहिरीवानी."

खरं होतं ते. मशीनच्या तव्यावर कॉफी आटत राहायची, तिचे तपकिरी थर काचेला धरले होते. मी रोज पाण्यानं विसळायची. घासायला वेळ कुणाला? स्वतःच्या हातची कॉफी स्वतःला कडू लागत नाही, हाही एक भाग.

"ह्या शनिवारी अमरेश यायलाय," सर म्हणाले. "त्यानंच दिलेल्या किटल्या त्याला अशा दाखवायच्या? तुमच्याकडं वर्गाचा व्याप हाय, व्रतं हायत. किल्ली विनीता मॅडमकडं देऊ या का?"

मी हळू बोलते, लहानपणापासून. त्या दिवशी मात्र माझाच आवाज मला ऐकू आला. "शनिवारच्या आत किटल्या चकचकीत करून देते, सर. झाल्या न्हाईत तर किल्ली माझ्या हातानं देईन."

कोपऱ्यात विनीता मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर करून हसल्या. किती सुंदर हसतात. हेही मला आवडलं नाही.

आता माझ्या व्रतांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोमवारी शंकराचं, अळणी. गुरुवारी दत्ताचं, गाणगापूर आमच्या पलीकडच्या जिल्ह्यातच, तेव्हा त्याच्याशी हयगय चालत नाही. त्या दिवशी साबणाला हात लावायचा नाही, ना कपड्याला ना भांड्याला, हे सासूबाईंपासून चालत आलेलं. शुक्रवारी संतोषी मातेचं. त्या दिवशी आंबट खायचं नाही, हाताला लावायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचंही नाही. माझा स्वतःचा एक जास्तीचा नियम आहे: जे खायचं नाही त्याला शिवायचंच नाही. कारण स्वयंपाकघरात बाईचा हात सवयीनं तोंडाकडं जातो, आणि देव सवय म्हणून माफ करतो की नाही ह्याची मला खात्री नाही.

संध्याकाळी शेजारच्या सुमनबाईंना विचारलं. सुमनबाईंना विचारायची गरज नसते, कुंपणापाशी उभं राहिलं की सल्ला मिळतो.

"त्यात काय एवढं? बर्फाचे खडे टाक, मूठभर मीठ टाक अन् गरागरा फिरव. माझ्या भाचीच्या हॉटेलात तसंच करतेत."

"आज सोमवार हाय, सुमनबाई. मिठाला शिवत न्हाई मी."

"किटलीला उपास हाय का तुला?"

"मला."

"मग किटलीनं काय घोडं मारलं?"

मंगळवारी मीठ चालतं, म्हणून मंगळवारी संध्याकाळी बर्फ करायचं ठरवलं. त्या दिवशी किटल्या घरी न्यायच्या म्हणून शाळेत कापडात गुंडाळत होते, तेवढ्यात आमचे क्लार्क बसवेश आडवे आले. बसवेश माणूस चांगला, पण त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलं की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं.

"बाई, ह्या किटल्या कुठं निघाल्या?"

"घासायला."

"तुम्हाला घासता येत न्हाईत." त्यांनी रजिस्टर उघडलं. "अमरेशनं मशीन पाठवलं तवा काचसामान कुठं दाखवायचं म्हणून मी प्रयोगशाळेत दाखवलो. ह्या किटल्या सायन्सच्या हायत. बाहेर न्यायच्या तर विनीता मॅडमची सही लागते."

"बसवेशअण्णा, ह्यात कॉफी करतो आपण."

"व्हय. पण कागदावर ती उपकरणं हायत."

इतकी वर्षं मी प्रयोगशाळेच्या उपकरणांतून अख्ख्या स्टाफला कॉफी पाजली. आणि ती उपकरणं घासायला मला कुणाची परवानगी, तर विनीता मॅडमची. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी न वाचता सही केली आणि म्हणाल्या, "अक्का, एक सोपी गोष्ट सांगू का? घरात सगळ्यांच्या असती. मी करून देते, हवं तर."

"राहू द्या," मी म्हणाले. "मला माहीत आहे."

मला काहीच माहीत नव्हतं. देवासमोर बसून खोटं बोलत नाही मी. पण स्टाफरूम म्हणजे काही देवघर नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

मंगळवारी संध्याकाळी लाइट गेली. बर्फ काही झाला नाही. सुमनबाई राखेचा डबा आणि नारळाची शेंडी घेऊन आल्या. सोमवारचं मीठ नाकारल्याचा राग त्यांच्या मनात होताच.

"राखेला तर कुठल्या वाराची बंदी न्हाई न?"

नव्हती. मी घासलं. घामाघूम होईपर्यंत घासलं. समईच्या उजेडात वाटलं, डाग निघाले. लाइट आल्यावर दिसलं, डाग जिथल्या तिथं, आणि काचेवर बारीक बारीक ओरखडे उठलेले. आता ती विहीर तर होतीच, वर तिच्या भिंतीला तडेही दिसायला लागले. सुमनबाई म्हणाल्या, "तुझा हातच कडक बाई." मी देवाच्या मूर्ती इतक्या हळू पुसते की गणपतीच्या सोंडेत अजून गेल्या वर्षीचं कुंकू आहे.

सुमनबाईंचे यजमान मल्लप्पा, त्यांचं बाथरूमच्या सामानाचं दुकान. रात्रीच ते हातात दोन वस्तू घेऊन आले. ब्लीचिंग पावडर आणि संडासाच्या ॲसिडची बाटली.

"नलिनीअक्का, रातभर पावडर भिजत घाला. सकाळी वरून हे थोडं ओता. दोन्ही मिळालं की बघा काय व्हतंय."

काय होतं ते बुधवारी सगळ्या शाळेनं बघितलं.

पावडर मी रात्री एका किटलीत घातली, सकाळी ती तशीच शाळेत नेली आणि मधल्या सुट्टीआधी स्टाफरूमच्या सिंकमध्ये ठेवून वरून ॲसिड ओतलं. थोडंच. देवाच्या दयेनं थोडंच. फसफस झाली आणि पिवळट हिरवा वास आला. म्हणजे वासाला रंग नसतो, पण ह्याला होता. घसा आवळला, डोळ्यांतून पाणी. मी पदर तोंडावर धरून बाहेर आले, मागून गुंडेराव सर खोकत खोकत आले, त्यांच्या मागून बसवेश, एका हातात रजिस्टर. जीव जाताना माणूस काय उचलतो ह्यावरून त्याची भक्ती कळते. मी किटली आत ठेवून आले होते, म्हणजे माझी भक्ती किटलीवर नव्हती, एवढं तरी सिद्ध झालं.

विनीता मॅडम धावत आल्या. त्यांनी सगळ्यांना झाडाखाली नेलं, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही. मुलांना सुट्टी मिळाली. मुलं खुश होऊन माझ्याकडं बघायला लागली. मराठीच्या बाईंकडं असं प्रेमानं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"अक्का, ब्लीचिंगवर ॲसिड कधीच घालायचं न्हाई," विनीता मॅडम हळूच म्हणाल्या. माझ्याहून हळू. "त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोली असती तर काय झालं असतं? आणि ही संडासाची वस्तू, खायच्या-प्यायच्या भांड्याला न्हाई लावायची."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

सर तिकडून म्हणाले, "मॅडम होत्या म्हणून बरं. केवढं प्रसंगावधान." आणि सगळा स्टाफ विनीता मॅडमभोवती झाडाखाली उभा राहिला. अगदी तसाच, जसा शुक्रवारी माझ्याभोवती उभा राहायचा. मी लांब पायरीवर बसले. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते दत्तगुरूंना सांगण्यासारखं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता.

गुरुवारी साबणाला बंदी. वायूतून वाचलेली किटली मी आधीच पाण्याखाली पुन्हा पुन्हा धुऊन घरी आणली होती. आरती झाल्यावर विचार केला, साबण नसला तरी गरम पाण्याला कुणी मना केलेलं नाही. बिनसाखरेच्या किटलीत उकळतं पाणी ओतलं, थोडा वेळ ठेवलं. डाग जरा सैल झाल्यासारखा वाटला. आता गार पाण्यानं पटकन विसळावं म्हणून नळाखाली धरली.

टिच्.

इतका बारीक आवाज. देवघरातली घंटा पडली असती तर एवढं दचकले नसते. तळापासून तोंडापर्यंत एक रेघ. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "काय फुटलं?"

"काही नाही."

"मग टिच् काय झालं?"

"काही नाही म्हणलं की."

आमच्या संसारात मी ह्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. म्हणजे किटलीनं काही चांगलंही केलं.

फुटलेल्या किटलीत गरम काही ओतायचं नाही एवढं मलाही कळत होतं. रात्रभर विचार करून मी तिच्यात झेंडूची फुलं खोचली. शुक्रवारी सकाळी सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, "वा, फुलदाणी छान हाय." मी एक झेंडू सरळ केला. खोटं बोलणं वेगळं आणि फुलं खोचणं वेगळं.

आता उरली एक किटली. ओरखडलेली, वायूतून तरलेली, आणि आत अजून तपकिरी. उद्या सकाळी अमरेश येणार. आणि आज शुक्रवार.

प्रयोगशाळेच्या दाराशी किती वेळ उभी होते, माहीत नाही. आत विनीता मॅडम परीक्षानळ्या उलट्या लावत होत्या. पाठीमागून त्यांची वेणी बघत मी मनातल्या मनात सगळे शब्द जुळवले आणि तोंडातून निघालं, "तुम्ही मंगळवारी काहीतरी सोपं म्हणाला होता."

"व्हय अक्का. लिंबूसत्त्व. चमचाभर टाकायचं, गरम पाणी भरायचं, अर्धा तास सोडून द्यायचं. मग साध्या साबणानं धुवायचं, अन् आंबट वास जाईपर्यंत खळबळायचं. बस."

लिंबूसत्त्व. म्हणजे सगळ्या आंबटाचा अर्क. माझ्या सगळ्या वारांत देवीनं नेमका हा वार काढला होता. मंगळवारी मी विनीता मॅडमचं ऐकलं असतं तर त्याच दुपारी काम झालं असतं. माझ्या सहाव्या शत्रूनं मला चार दिवस फिरवून बरोबर शुक्रवारी आणून उभं केलं.

"मी आज आंबटाला शिवत नाही," मी म्हणाले.

त्यांनी नळी खाली ठेवली. "म्हणजे?"

सांगितलं. कुणी हसेल म्हणून मी सहसा सांगत नाही. त्या हसल्या नाहीत. "दुसऱ्याला द्यायचं पण न्हाई?"

"नाही."

"मग तुम्ही देऊ नका. मी माझं मीच घेते. तुम्ही तिकडं तोंड करून उभ्या राहा."

मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. बोलायचं नाही असं व्रतात कुठं सांगितलेलं नाही, म्हणून मधून मधून, "पाणी फार उकळतं नको, आधीच एक गेली," एवढं म्हणाले. एक कशी गेली हे त्यांनी विचारलं नाही. सरांच्या टेबलावरची फुलदाणी त्यांनी सकाळीच ओळखली असणार. सही त्यांचीच होती, कागदावर दोन किटल्या होत्या. त्या अजून कुणाला बोलल्या नव्हत्या.

तो अर्धा तास आम्ही प्रयोगशाळेत स्टुलांवर बसलो. त्या विचारत होत्या, मी सांगत होते. सोमवारचं अळणी कसं जमतं, गुरुवारी साबण नाही तर कसं करता, घरचे काही म्हणत नाहीत का. असं बारकाईनं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनी तर पंचवीस वर्षांत विचारलं ते एवढंच, की आज जेवायला काय नाही.

"मला असलं काही जमत न्हाई हो अक्का," त्या म्हणाल्या. "घरी आई करत्यात. मी नुसती प्रसादाला हजर."

मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. ह्यांच्याकडं फिल्टर होतं, हसणं होतं, प्रसंगावधान होतं. पण व्रत नव्हतं. तेवढा एक कोपरा माझा होता.

किटली धुतली आणि उजेडाला धरली तर तिच्यातून शाळेचं मैदान दिसलं. ओरखडे होते, पण तपकिरीचा मागमूस नाही. त्याच वेळी गुंडेराव सर आत आले. किटली अर्थातच विनीता मॅडमच्या हातात.

"वा, मॅडम. शेवटी तुम्हीच—"

"न्हाई सर. नलिनीअक्कांचं काम हाय. आठवडाभर त्याच करायलेत. मी नुसतं लिंबूसत्त्व टाकलं."

सरांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. किल्ली माझ्या कमरेलाच राहिली. पण ज्या बाईनं आपली किल्ली वाचवली तिचा हेवा करत राहणं किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मी ते केलं. सोडलं नाही.

शनिवारी अमरेश आला. सगळे उभे. मी घासलेल्या किटलीत कॉफी भरणार तोच तो म्हणाला, "बाई, मी कॉफी सोडलो. डॉक्टरनं मना केलंय. नुसतं गरम पाणी द्या."

मी कोमट करून घेतलेल्या किटलीत जपून गरम पाणी भरलं आणि समोर ठेवली. पाणी पाण्यासारखं दिसत होतं. सोमवारच्या किटलीत ते दिलं असतं तर त्यानं कॉफी समजून परत केलं असतं. तो म्हणाला, "इतकी वर्षं झाली, किटली नव्यासारखी ठेवलाव की." सरांनी माझं नाव घेतलं. मोठ्यानं. मग अमरेशची नजर टेबलावरच्या झेंडूकडं गेली. "अन् ही दुसरी—" तो म्हणाला, तर विनीता मॅडम लगेच म्हणाल्या, "बिनसाखरेची हाय, म्हणून फुलं ठेवलीत. फुलांना साखर चालत न्हाई."

सगळे हसले. तोही हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ही बाई मला सुखानं जगू देणार नाही.

पुढचा शुक्रवार आला. मधल्या सुट्टीत मी कपाट उघडून गूळ-फुटाण्यांचा डबा काढला आणि मागं वळले तर सगळा स्टाफ दुसऱ्याच टेबलापाशी. विनीता मॅडम कपाळाला कुंकू लावून, हातात केळीच्या पानाचा द्रोण घेऊन उभ्या. त्यात गूळ, फुटाणे, आणि वर तुपात परतलेलं खोबरं. खोबरं मी कधी घातलं नव्हतं.

"अक्का, तुमचं ऐकून मीही सुरू केलं," त्या म्हणाल्या. "आजपासून शुक्रवार."

"काय ही श्रद्धा, ह्या वयात," गुंडेराव सर म्हणाले आणि डोळे मिटून खोबरं चावायला लागले. बसवेश तर दुसऱ्यांदा हात पुढं करत होते.

किटली पुन्हा तपकिरी व्हायला लागली होती. स्वच्छतेचा वार शुक्रवार, असं सरांनीच आता ठरवून दिलेलं. आम्हा दोघींनाही आंबटाला शिवायचं नव्हतं. मग सरांनी बाह्या सरसावून लिंबूसत्त्वाची पुडी फोडली आणि आम्ही दोघी खिडकीकडं तोंड करून, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. मागून सर विचारत होते, "एक चमचा की दोन?" आणि आम्ही एकाच वेळी म्हणालो, "एक."

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी देवीपुढं बराच वेळ बसले. किल्ली सोडून पाटावर ठेवली. विनीता मॅडमसाठी मनापासून हात जोडले, कारण त्यांनी माझं कुठलंच वाईट केलं नव्हतं, आणि व्रत कुणाचं का असेना, मोडू नये. तिचं व्रत तुझ्यापर्यंत पोचू दे, आई, मी म्हणाले. फक्त माझ्या मागून पोचू दे.